अंग सैल सोड

“बाथरूममध्ये पाय घसरला की माणूस कुशीवर तरी पडतो, नाहीतर मागे आपटतो,” हाडांची डॉक्टर एक्स-रे उजेडाकडे धरून म्हणाली. “बरगडी मग बाजूला मोडते. तुमची पुढून गेलीय, छातीच्या मधल्या हाडाजवळ. कुणी वरून दाबल्यासारखी.”

मी म्हटलं, “बादली होती तिथे. बादलीवर पडले.”

“आणि गळ्यावरचे हे डाग? तेही बादलीनेच केले का?”

काय बोलणार, कपाळ! घरून निघताना मी स्कार्फ चांगला गच्च गुंडाळला होता. एक्स-रेवाल्या बाईने तो काढायला लावला आणि दुखण्याच्या भरात परत बांधायचं भानच राहिलं नाही. ही डॉक्टर माझ्या लेकीहून लहान असेल, पण नजर अशी रोखली होती की गृहपाठ न केलेल्या मुलीसारखी मी टेबलाची कड नखाने खरवडत बसले. शेजारी लेक बसली होती. ती माझ्या गळ्यावरून नजर काढत नव्हती. त्या नजरेचा अर्थ मला चांगला ठाऊक होता.

“यांचे मिस्टर बाहेर आहेत ना?” डॉक्टर नर्सला म्हणाली. “त्यांना आत सोडू नका.”

मी मांडीवरचा स्कार्फ घाईघाईने परत गळ्याभोवती गुंडाळला.

बाहेर बाकावर बसलेल्या त्या माणसाला आमच्याकडे सगळे मास्तर म्हणतात. पोहण्याच्या तलावावर ते मुलांना शिकवतात, आणि शिकवणी नसते तेव्हा उंच खुर्चीवर बसून पाण्यावर नजर ठेवतात. गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी. आमच्या भागातली निम्मी पोरं त्यांच्या तळहातावर आडवी पडून तरंगायला शिकली आहेत. ‘मास्तर बायकोचा गळा धरतात’ एवढं एक वाक्य बाहेर गेलं असतं, तर दुसऱ्या दिवशी कुठल्या आईने आपलं पोर त्या हातांवर ठेवलं असतं? म्हणून ती बादली. म्हणून त्याआधी कपाटाचं दार, त्याआधी बसचा दांडा. खोटं बोलायला मी काही कमी पडले नव्हते.

“डॉक्टर,” लेक एकदम म्हणाली, “माझे वडील आईला मारतात.”

“मारत नाहीत!” मी ओरडले, आणि बरगडीतून अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी आली. “मारत नाहीत गं. वाचवतात!”

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सांगून टाकलं.

हे सुरू झालं तेव्हा नुसतं बडबडणं होतं. मग पाय झाडायला लागले. मग एकदा मला जाग आली ती त्यांचा हात माझ्या हनुवटीखाली होता म्हणून. मागून येऊन, कोपरात मान धरून ते मला उशीवरून ओढत होते. स्वप्नात कुणीतरी बुडत असतं आणि ते त्याला काठाला आणत असतात. मी धडपड केली, आणि धडपडीने सगळं बिघडलं. कारण बुडणारा धडपडतोच. धडपडणाऱ्याला जो सोडतो त्याच्या हातून माणूस जातो, हे मास्तर कित्येक वर्षं शिकवत आलेत. मी जितकी झटापट करायची तितकी पकड घट्ट. मग मी जोरात हाक मारली की ते खडबडून उठायचे, माझ्याकडे बघायचे आणि डोकं धरून बसायचे. सुरुवातीला आम्ही हसलोसुद्धा. म्हटलं, जन्मभर मी काठावर पाय बुडवून बसले, कधी गुडघ्याच्या वर भिजले नाही, आणि आता रोज गटांगळ्या खातेय!

मग माझ्याच सुपीक डोक्यातून एक युक्ती निघाली. नव्या पोरांना ते दिवसभर ओरडून सांगत असतात, ‘अंग सैल सोड, पाणी धरतं तुला.’ म्हटलं, आपणही सोडून बघावं. परवा मान धरली तेव्हा मी धडपडले नाही. हात-पाय टाकले, डोळे मिटले, श्वाससुद्धा रोखला. वाटलं, काठापर्यंत ओढतील, सोडतील, झालं. पण बुडालेल्याचं अंग सैल पडलं याचा अर्थ वाचवणाऱ्याला काय वाटतो, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. त्यांनी मला उताणं केलं, दोन्ही तळहात छातीवर ठेवले आणि दाबायला लागले. माझ्या तोंडून किंकाळी फुटेपर्यंत बरगडी गेली होती.

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. लेकीने मात्र मान हलवली.

“रात्री मारायचं आणि सकाळी ‘झोपेत होतो’ म्हणायचं. सगळे हेच सांगतात, आई. आणि सगळ्यांच्या बायका हेच खरं मानतात.”

“अगं, पण ते तुझे बाबा आहेत!”

“म्हणूनच मला जास्त त्रास होतोय.”

डॉक्टर हळू आवाजात म्हणाली, “असा आजार असतो. पण यांच्या मिस्टरांना तोच आहे की नाही, हे मी सांगू शकत नाही. झोपेचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे एक रात्र ठेवून तपासतात. तोवर या दोघांना एका बिछान्यावर झोपू देऊ नका. आणि तपासणीत काही निघालं नाही, तर मला हे पोलिसांना कळवावंच लागेल.”

“नाही निघालं तर त्याच दिवशी आईची बॅग भरणार मी,” लेक म्हणाली.

बाहेर आलो तर मास्तर उठून उभे राहिले. “जास्त लागलंय का?” त्यांनी मला विचारलं. लेक त्यांच्या आणि माझ्या मधून चालायला लागली.

तपासणीची तारीख लवकर मिळेना. लेक स्वतःचं घर नवऱ्यावर सोपवून आमच्याकडे येऊन राहिली. आमचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. खोलीत माझं शिलाई मशीन, पलंग, कपाट. पलंगावर मी आणि लेक, आणि मास्तरांची रवानगी स्वयंपाकघरात. मी शिवणकाम करते, पँटी आखूड करणं, चेन बदलणं असलं. त्या दिवसांत एकही शिवण सरळ गेली नाही. लेक येता-जाता बापाच्या हातांकडे बघायची. ते कप उचलायचे, तिची नजर तिथे. दार लावायचे, नजर तिथे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

एकदा भांडी घासताना मी तिला धरलंच. “लहानपणी तू काय करायचीस, आठवतंय?”

“काय?”

“रात्री ताडकन उठून बसायचीस. डोळे टक्क उघडे आणि किंकाळ्या अशा, की वरच्या मजल्यावरचे धावत यायचे. मला ओळखायची नाहीस. जवळ घ्यायला गेले की ओरबाडायचीस. हा बघ, हा कानामागचा वण तुझाच. सकाळी विचारलं तर तुला काही पत्ता नाही, दूध पिऊन शाळेत! तेव्हा आम्ही म्हटलं का, की पोरगी वाईट निघाली?”

“मी लहान होते, आई.”

“मी तर घाबरून तुला गदागदा हलवायची. तुझे बाबा म्हणायचे, हलवू नकोस, ती जागी नाहीये, आपोआप शांत होईल. तुझा नाद सोडून मी झोपायची आणि ते तुझ्या उशाशी बसून राहायचे. तू पडू नयेस म्हणून नुसता हात आडवा धरून.”

तिने नळ बंद केला. वाटलं, विरघळली. पण ती म्हणाली, “मग मी आल्यापासून एकदाही का नाही झालं त्यांना? मी बघतेय म्हणून?”

याचं उत्तर मिळालं तलावावरून. तिथला तिकीटवाला संध्याकाळी दारात येऊन उभा राहिला, चपला न काढताच. “वहिनी, राग मानू नका, पण मास्तर आज खुर्चीवर डुलक्या घेत होते. खाली पोरं पाण्यात आणि यांची मान छातीवर. मीच वर चढून हलवलं.”

मास्तर त्याच्या मागेच होते. आत आले, टोपी खुंटीला लावली.

“झोपत नाही का तुम्ही रात्री?” मी विचारलं.

“बसून असतो.”

“बसून? इतके दिवस?”

“भिंतीला टेकलं की डोळा लागतो, म्हणून टेकत नाही.” मग लेकीकडे न बघता म्हणाले, “पोरगी मधे आली, आणि मी झोपेत तिलाच धरलं तर?”

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी शिट्टी आपण होऊन तलावाच्या साहेबांच्या टेबलावर ठेवली. ज्याला जागं राहता येत नाही त्याने त्या खुर्चीवर बसू नये, असं म्हणाले. साहेबांनी बरं वाटेपर्यंत रजा दिली. घरी आल्यावर जेवले नाहीत. मला इतकं भडभडून आलं, पण रडायचीही चोरी, बरगडी दुखायची.

झोपेचा डॉक्टर स्वतःच कित्येक रात्री झोपला नसावा असा दिसायचा, डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं. पण माणूस भला. मास्तरांना चालायला लावलं, बोटं चाळवायला लावली, दारू घेता का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, सगळं विचारलं. दोन्हीला नाही. मग एकदम म्हणाला, “वास येतो का नीट?”

“वास?” मास्तर हसले. “तलावावर क्लोरीनचा वास लोकांना सहन होत नाही म्हणतात. मला येतच नाही. इतकी वर्षं काढली त्यात, सवय झाली असेल.”

डॉक्टरने नुसतं ‘हं’ केलं. ते हं मला आवडलं नाही.

रात्री त्यांना तिथेच ठेवून घेतलं. डोक्याला, हनुवटीला, पायांना वायरी चिकटवल्या आणि समोर कॅमेरा लावला. आम्हाला घरी पाठवलं. आयुष्यभर मी यांना ‘उठा आता’ म्हणत आले, आणि त्या रात्री देवाला एकच मागणं, झोपू दे रे बाबा यांना. झोपले नाहीत तर काही दिसणार नाही. काही दिसलं नाही तर लेक बॅग भरणार, ती हाडांची डॉक्टर पोरगी पोलिसांना फोन करणार, आणि जन्मभर पाण्यातून माणसं काढलेला हा माणूस लोकांच्या तोंडी बायकोला मारणारा म्हणून राहणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरने आम्हा तिघांना आत बोलावलं आणि पडदा आमच्याकडे फिरवला.

पडद्यावर मास्तर उताणे झोपले होते. वायरींमुळे ओळखू येत नव्हते. बराच वेळ काही नाही. लेकीने माझा हात धरला होता, की मी तिचा, कोण जाणे. आणि मग त्यांचा खांदा उसळला. हात गर्रकन फिरला, शेजारची उशी कोपरात आली, आणि मास्तर चादरीत पाय मारायला लागले. कात्रीसारखे, पाण्यात मारतात तसे. डोळे मिटलेले. “धडपडू नकोस!” पडद्यावरचा आवाज फुटला. “अंग सैल सोड! आहे मी, आहे!” उशी पार चेपली होती. मग त्यांनी ती समोर आडवी टाकली आणि दोन्ही तळहातांनी दाबायला लागले, तोंडाने मोजत. मोजता मोजता रडत होते. झोपेतला माणूस इतका रडतो, हे मी कधी बघितलं नव्हतं, कारण माझं तोंड तेव्हा दुसरीकडे असायचं.

तिथल्या परिचारकाने नावाने हाक मारली. मास्तर लगेच जागे झाले. त्याने विचारलं, “काय दिसलं?”

“बायको,” पडद्यावरचे मास्तर धापा टाकत म्हणाले. “तिला पोहता येत नाही हो.”

डॉक्टरने चित्र थांबवलं. लेकीने बापाच्या गुडघ्यावर डोकं टेकलं, आणि एवढी मोठी बाई, लहान पोरीसारखी हुंदके द्यायला लागली. “बाबा, चुकले मी. बाबा.”

डॉक्टर सांगत होता. स्वप्न पडत असताना मेंदू अंगाला कुलूप लावतो, म्हणून आपण स्वप्नात पळालो तरी अंथरुणातच असतो. यांचं कुलूप निकामी झालंय.

“मग मी लहानपणी किंचाळायचे ते?” लेकीने डोळे पुसत विचारलं.

“ते वेगळं. मुलं गाढ झोपेतून अर्धवट उठतात. डोळे उघडे, पण जागी नसतात. सकाळी काही आठवत नाही, आणि मोठी झाली की बहुतेकांचं थांबतं.”

“यांचं थांबेल?” मी विचारलं.

“आवरता येईल. गोळी देतो. पण एक लपवणार नाही,” तो मास्तरांकडे वळला. “हा आजार बऱ्याचदा दुसऱ्या आजाराच्या आधी येतो. त्यात पुष्कळदा वास आधी जातो, मग हाताला कंप सुटतो, चाल मंदावते. लगेच नाही, कधीकधी पुष्कळ वर्षांनी. आज तुमच्या हातात तसं काही नाही. पण दाखवत राहा.”

मी मात्र त्या घटकेला एवढंच ऐकलं होतं, की हा माणूस निर्दोष आहे. मला उठून नाचावंसं वाटत होतं. म्हटलं, “ऐकलंस ना? आता घाल तुझी बॅग माळ्यावर!”

तेव्हा मास्तर बोलले. थांबवलेल्या चित्रावरून त्यांनी नजर काढली नव्हती.

“हिला घेऊन जा,” ते लेकीला म्हणाले.

“काय?” मी म्हटलं.

“आजच घेऊन जा तुझ्याकडे. मी आजवर स्वतःला बघितलं नव्हतं. ती उशी बघ. ही तिथे असती तर काय झालं असतं? ज्याचा स्वतःवर ताबा नाही त्याने दुसऱ्याला हात घालायचा नसतो, पहिल्याच दिवशी शिकवतो मी पोरांना. असा माणूस मी माझ्या तलावावर उभा केला नसता.”

“बाबा, डॉक्टर म्हणतात ना, गोळी...”

“गोळी लागू पडेपर्यंत? आणि नाही पडली तर?”

आता मात्र माझं टाळकं सटकलं. “वा रे वा! म्हणजे आधी ही मला न्यायला निघाली, आता तुम्ही पाठवायला निघालात! मी काय कुणी विसरलेली पिशवी आहे, हिने उचलावी नाहीतर तुम्ही द्यावी? बादलीवर पडले, दारावर आपटले, त्या डॉक्टरपुढे खोटी ठरले, पोरीपुढे वेडी ठरले. ते कशासाठी? सुटका करून घ्यायला? मला तुमच्याजवळ राहायचंय, मास्तर! एवढंच हवं होतं मला. तेवढंच कुणी विचारलं नाही!”

बोलताना बरगडी दुखत होती, तरी थांबले नाही. मास्तर खाली मान घालून म्हणाले, “मला भीती वाटते गं.” इतक्या वर्षांत हे त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

“मलाही वाटते. पण तिकडे हिच्या घरी मी निवांत झोपेन, असं वाटतं का तुम्हाला?”

डॉक्टर खाकरला. “एका घरात राहायला माझी हरकत नाही. एका खोलीतही चालेल. पण बिछाने वेगळे. यांचा जमिनीवर, जवळ टोकदार काही नको. आणि मधे अंतर. यांचा हात कुठल्याही परिस्थितीत पोहोचणार नाही इतकं.”

“कायमचं?” मी विचारलं.

“कायमचं धरून चाला.”

मी मास्तरांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. मीही हलवली.

घरी आल्यावर लेकीने पदर खोचून खोली उलटीपालटी केली. माझं मशीन स्वयंपाकघरात गेलं. कपाट कोपऱ्यात सरकलं. मास्तरांची गादी समोरच्या भिंतीशी जमिनीवर पडली, पलंग अलीकडच्या भिंतीला टेकला. जाताना ती बापाच्या गळ्यात पडली. “हाडांच्या डॉक्टरांना मी सांगते,” म्हणाली, आणि दार ओढून घेतलं.

ऊन अजून खिडकीत होतं. मास्तर गादीवर आडवे झाले.

“तूही पड,” म्हणाले.

“आत्ता? दिवसाउजेडी?”

“झोपू नकोस. नुसती पड. बघू दे मला.”

मी पलंगावर माझ्या नेहमीच्या कुशीवर पडले. त्यांनी हात लांब केला, खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत, काठावर पालथं पडून पाण्यातल्या माणसाला देतात तसा. बोटं पलंगाच्या पायाच्या बरीच अलीकडे थांबली.

“अजून सरक, भिंतीकडे.”

“अहो, पोहोचत नाहीये.”

“सरक म्हणतो ना.”

मी सरकत गेले, पाठ भिंतीला टेकेपर्यंत. ते अंग उचलून, खांदा गादीबाहेर काढून, जितकं ताणता येईल तितकं ताणून परत पुढे आले.

“आता?”

“नाही पोहोचत.”

“छान,” ते म्हणाले. आवाजात खरंच समाधान होतं. हात मात्र त्यांनी लगेच मागे घेतला नाही, आणि मीही घ्या म्हटलं नाही. तिथूनच मी त्यांच्या बोटांकडे बघितलं, एकेका बोटाकडे. सगळी स्थिर होती. तरी मी बघत राहिले.